प्रज्ञावान मुलांसाठी पालकांचा पुढाकार हवा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

हुशार मूल आपला मार्ग आपणच शोधते, ही समजूत इतकी रुजली आहे की, वर्गात कंटाळून सतत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण सहज खोडकर ठरवतो. आधीच येणारा धडा त्याला पुन्हा पुन्हा गिरवायला लावला, तर कष्ट करण्याची सवयच त्याला लागत नाही आणि पुढे खरोखर अवघड विषय समोर आला की ते खचते. म्हणून पालकांनी मुलाच्या वह्या, त्याने सोडवलेली कोडी, केलेले प्रयोग सोबत घेऊन शिक्षकांना भेटावे आणि त्या एका विषयापुरता वरच्या इयत्तेचा अभ्यास देता येईल का, हे विचारावे.

निवड मात्र एकाच चाचणीवर सोपवू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या प्रज्ञावान मुलांच्या अभ्यासात बुद्ध्यांक अपुरा भरल्याने वगळलेल्या मुलांपैकी विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञेच्या व्याख्येत बुद्धीच्या जोडीला सर्जनशीलता आणि कामातील चिकाटी यांनाही स्थान दिले, ते मला अधिक पटते.

ग्रंथालये आणि विज्ञान केंद्रांनी सुट्टीत अशा मुलांसाठी वर्ग भरवावेत. शुल्क न परवडणाऱ्या घरांतील मुलांसाठी ते विनामूल्य असावेत, कारण या मुलांची हुशारी बहुधा कोणाच्या नजरेसच पडत नाही. जाणकार पालकांनी आठवड्यातून एक तास तेथे शिकवायला पुढे यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक पालक