रडार डिटेक्टरवर पैसे घालण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कारंजा तालुक्यात नवी मोटार घेतलेली तरुण मुले हल्ली मला एकच प्रश्न विचारतात, की पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची आधीच चाहूल देणारे यंत्र, म्हणजे रडार डिटेक्टर, गाडीत बसवायचा तर कोणता घ्यावा. मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे यंत्राची गोष्ट निघाली की विद्यार्थी अजूनही घरी येतात. दिवाळीनंतर माझा भाचाच हा प्रश्न घेऊन आला. त्याचे कृषी केंद्र आहे, मालासाठी आठवड्याला नागपूरची एक चक्कर होते, आणि वर्षभरात वेगमर्यादेची तीन चालाने त्याने भरलेली होती. "मामा, हे यंत्र काचेले लावलं का चालान येतच नाही म्हणते. कोणतं घेऊ?" असे त्याने विचारले. त्याला जे उत्तर दिले आणि ते देण्यापूर्वी आम्ही दोघांनी जे पडताळून पाहिले, ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेतून परतलेल्या एका परिचित अभियंत्याकडून त्याचे यंत्र आम्ही आठ दिवसांसाठी मागून आणले. तिकडे त्याने त्यासाठी चारशे डॉलर मोजले होते, म्हणजे यंत्र हलक्या प्रतीचे नव्हते. ते काचेवर चिकटवून आम्ही कारंजाहून समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत गेलो व परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला जाऊन आलो. अमरावतीत एका मोठ्या दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारासमोर गाडी उभी केली, तर यंत्र सारखे वाजत राहिले. वाटेत एक नवी मोठी एसयूव्ही शेजारून गेली तेव्हाही ते वाजले. समृद्धीवर मात्र ते जवळजवळ गप्पच होते. मेहकरहून परतताना एका उड्डाणपुलाच्या सावलीत पोलिसांची इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजणारी गाडी उभी होती. ती आमच्या नजरेस पडली आणि त्याच क्षणी यंत्राने 'लेझर' असा एक तुटक इशारा दिला. भाच्याने ब्रेकवर पाय ठेवला, पण मोजणी आधीच पूर्ण झालेली होती. पाचव्या दिवशी मोबाइलवर चालान आले. त्यात वेग १३१ नोंदलेला होता आणि तेथे मोटारींसाठी मर्यादा १२० आहे. चालान बरोबर होते. यंत्रावर भरवसा ठेवून मी शेजारच्या आसनावर बसलो आणि वेगाचा काटा पुढे सरकत असताना भाच्याला हटकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

असे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय कोणते यंत्र घ्यावे या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मूर्तिजापूर स्थानकावर न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसची शिटी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते, हे उदाहरण मी वर्गात दरवर्षी देत असे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेले हेच तत्त्व पोलिसांच्या रडारमध्ये वापरले जाते. रडारमधून निघालेली सूक्ष्मलहर धावत्या गाडीवर आपटून परत येते तेव्हा तिची वारंवारता किंचित बदललेली असते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या रडारपुढे गाडी ताशी १०० किलोमीटरने येत असेल, तर हा फरक सुमारे साडेचार हजार हर्ट्झ इतका पडतो आणि त्यावरून वेग काढला जातो. डिटेक्टर हा केवळ लहरी टिपणारा रिसीव्हर आहे, रेडिओसारखा. रडारला गाडीपर्यंत जाऊन परत आलेला क्षीण प्रतिध्वनी ऐकावा लागतो, तर डिटेक्टरला थेट येणारी लहर मिळते, आणि म्हणून मोजणी होण्याच्या कितीतरी आधी तो सावध करू शकतो. या यंत्राची सारी उपयुक्तता एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

अमेरिकेत ती गोष्ट बऱ्याच अंशी टिकून आहे. तेथील पोलीस के आणि केए या वारंवारतेच्या पट्ट्यांतील रडार मोठ्या प्रमाणावर वापरतात, एक्स हा जुना पट्टा आता क्वचित आढळतो, आणि लांबच्या मोकळ्या रस्त्यावर रडार सुरू असेल तर चांगले यंत्र दोन-तीन किलोमीटरवरूनही ते टिपू शकते. तेथेसुद्धा पोलिसाने रडार बंद ठेवून नेमकी गाडी समोर आल्यावरच कळ दाबली, तर इशारा आणि मोजणी एकाच वेळी होतात. आपल्याकडील इंटरसेप्टर गाड्यांतून वापरली जाते ती मुख्यतः लेझर गन, आणि तिचे काम अगदी वेगळे आहे. ती अवरक्त प्रकाशाचे स्पंद सोडते, गाडीवरून ते परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते आणि अंतर किती झपाट्याने कमी होत आहे त्यावरून वेग ठरवते. हे सर्व अर्ध्या सेकंदाच्या आत उरकते. तीनशे मीटरवर तिचा झोत साधारण एक मीटर रुंद असतो आणि तो नंबरप्लेटच्या आसपास रोखलेला असतो, त्यामुळे काचेवरच्या यंत्राला तो जाणवलाच तर आपली गाडी मोजली गेल्यावर जाणवतो.

याहून पुढची पायरी म्हणजे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे. दोन ठिकाणच्या कमानींवर नंबरप्लेट वाचायची आणि मधले अंतर गाडीने किती वेळात कापले ते पाहायचे, एवढेच तेथे घडते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी व्यवस्था आहे. यात वेग मोजण्यासाठी गाडीवर कोणतीही रडारची लहर सोडावी लागत नाही, म्हणून डिटेक्टर कितीही महाग घेतला तरी त्याने टिपावे असे तेथे काहीच नसते.

इतके सांगूनही काही जण यंत्र घेणारच आहेत, हे मला दिसते. त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून घ्यावे. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांवर सगळ्या पट्ट्यांची नावे छापलेली असतात, पण रिसीव्हरची संवेदनशीलता आणि खोटे इशारे गाळण्याची क्षमता यांवर खरा खर्च होतो आणि स्वस्त यंत्रात नेमके तेच वगळलेले असते. अनेक गाड्यांमध्ये शेजारची गाडी ओळखणारे संवेदक २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे के पट्ट्यातच काम करतात, आणि दुकानांची आपोआप उघडणारी दारेही त्याच पट्ट्यातली असतात. ज्या यंत्रात हे गाळणारी प्रणाली नाही ते दिवसभर वाजत राहील, आणि चौथ्या दिवसापासून चालक त्याकडे लक्ष देणे सोडेल. जीपीएस असलेली यंत्रे नेहमीच्या खोट्या जागा लक्षात ठेवतात व कॅमेऱ्यांच्या ठिकाणांची यादी बाळगतात, मात्र ती यादी ज्या देशासाठी तयार झाली तेथेच कामाची असते. आपल्या जिल्ह्यातले कॅमेरे तिच्यात आहेत का, हे विक्रेत्याला विचारावे आणि त्याने दाखवल्याशिवाय विश्वास ठेवू नये. गाडीच्या पुढच्या काचेत उष्णता परतवणारा धातूचा थर असेल तर सूक्ष्मलहरी आत येताना अडतात, हेही आधी पाहून घ्यावे. शिवाय आपल्या मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांवर असताना, बंद गाडीच्या काचेमागे किती ताप साठतो ते विदर्भात कोणाला सांगण्याची गरज नाही. थंड देशातले ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले यंत्र तेथे किती उन्हाळे तग धरेल, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हावा.

एका बाबतीत मात्र कोणाचीही भीड न ठेवता सांगतो. काही विक्रेते डिटेक्टरच्याच नावाखाली जॅमर पुढे करतात. डिटेक्टर ऐकतो आणि जॅमर स्वतः लहरी सोडून दुसऱ्याचे यंत्र निकामी करतो, हा फरक लहान नाही. जॅमर वापरण्याची परवानगी आपल्या देशात खासगी व्यक्तीला नाही. ज्या देशांत दरडोई मोटारी आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत, तेथेही सगळीकडे मोकळीक नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये साध्या डिटेक्टरलाही बंदी आहे, आणि फ्रान्समध्येही आहे.

भाच्याला मी शेवटी विचारले, की तुझ्या गाडीत वेगाचा इशारा आधीपासून आहे, तो तू ऐकतोस का? १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या प्रत्येक मोटारीत वेग ८० च्या वर गेला की थांबून थांबून आणि १२० च्या वर गेला की सतत वाजणारी सूचना देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. त्याच्या गाडीत ती होती, पण कटकट नको म्हणून मेकॅनिककडून त्याने ती काढून टाकली होती. फुकट मिळालेला इशारा तोडायचा आणि हजारो रुपये मोजून दुसरा विकत घ्यायचा, हे त्याच्याही मनाला पटेना. दुसऱ्याच दिवशी त्याने ती पूर्ववत करून घेतली. यंत्रासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्याने चांगला डॅशकॅम घेतला, आणि उरलेल्या पैशांत परावर्तक पट्ट्यांची दोन रिळे आणून दुकानावर येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांना मागून लावून दिली.

पट्ट्यांची सूचना माझी होती, आणि तिला कारण आहे. मागच्या डिसेंबरात मंगरूळपीरहून रात्री साडेआठच्या सुमारास मी एकटाच परतत होतो. समोरून आलेल्या ट्रकच्या प्रकाशाने डोळे दिपले, आणि तो निघून जाताच समोर कापसाने भरलेली ट्रॉली दिसली. मागे दिवा नव्हता, पट्टी नव्हती. ताडपत्रीच्या कडेतून बाहेर आलेला पांढरा कापूस तेवढा माझ्या दिव्यांत चमकला. गाडी साठच्या वेगात होती आणि ट्रॉलीच्या मागे दोन हातांवर थांबली. साठच्या वेगात गाडी सेकंदाला १७ मीटर पुढे जाते, शंभरच्या वेगात २८ मीटर, आणि ब्रेक दाबल्यानंतर लागणारे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पावणेतीन पटींहून जास्त वाढते. हे गणित मी फळ्यावर शेकडो वेळा सोडवले आहे, पण त्या रात्री स्टिअरिंगवरचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. आमच्या रस्त्यांवर रोही (नीलगायी) आडवे येतात, रानडुकरांचे कळप येतात, हंगामात बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॉल्या उभ्या असतात. यांपैकी कशाचाही इशारा कोणताही डिटेक्टर देत नाही. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा बळी गेला, तेव्हापासून आमच्या भागातल्या घरांत रात्रीच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची वाट वेगळ्याच काळजीने पाहिली जाते.

तरीही मुलांची तक्रार अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्या जिल्हा मार्गांवर आणि राज्यमार्गांवर वेगमर्यादा कोठे बदलते हे पुष्कळदा कळत नाही. फलक असतो तो बाभळीच्या झुडपात झाकलेला असतो, किंवा त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवलेल्या असतात. गावाची हद्द सुरू झाल्याची पाटी नसते आणि चालान मात्र येते. माणूस नियम पाळायला तयार असूनही नियम काय आहे ते त्याला समजत नसेल, तर तो अशा यंत्रांच्या मागे लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १६७-अ नुसार, जेथे इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी देखरेख होते तेथे वाहनचालकांना दिसेल असा सूचनाफलक लावणे आवश्यक आहे, आणि त्या उपकरणांसाठी दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्रही आवश्यक आहे. १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांची वैध मापनशास्त्राच्या नियमांखाली पडताळणी आणि मुद्रांकनही करावे लागते. बाजार समितीत काट्यावरचा शिक्का पाहण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला ही तरतूद समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून वाशीम, यवतमाळ, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांच्या रस्ता सुरक्षा समित्यांना विनंती आहे, की ज्या ज्या टप्प्यात इंटरसेप्टर उभी राहते किंवा कॅमेरा बसवलेला आहे त्या प्रत्येक टप्प्याच्या अलीकडे मर्यादेचा आकडा असलेला आणि रात्री दिव्यांत चमकणारा फलक लावावा, झुडपे छाटून आणि जाहिराती काढून आहेत ते फलक मोकळे करावेत, आणि उपकरणांची प्रमाणपत्रे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत. ही कामे कापसाचा हंगाम भरात येण्यापूर्वी, ट्रॉल्या रस्त्यावर येण्याच्या आत व्हावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम