‘पसंतीचा मुख्यमंत्री’ आणि प्रत्यक्ष मते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवडणुकीला सहा-आठ महिने उरले की जनमत चाचण्या यायला लागतात. एका चाचणीत वीस-पंचवीस प्रश्न असतात, पण मथळ्यात एकच जातो: मुख्यमंत्री म्हणून सर्वाधिक पसंती कोणाला? नेत्याच्या निवडणुकीतल्या भवितव्याबद्दल सगळ्यांत कमी सांगणारा प्रश्न नेमका हाच आहे, असे आमचे म्हणणे आहे. बिहारच्या २०२५ च्या निवडणुकीत ते ढळढळीत दिसले.

बिहारमधल्या मतदानापूर्वीच्या बहुतेक चाचण्यांत तेजस्वी यादव पहिल्या क्रमांकावर होते. काही फेऱ्यांत तर प्रशांत किशोर दुसरे आणि नितीशकुमार तिसरे होते. १४ नोव्हेंबरला निकाल लागला. २४३ पैकी २०२ जागा एनडीएला, ३५ महाआघाडीला. तेजस्वींच्या राजदच्या वाट्याला २५ जागा आल्या. प्रशांत किशोर यांच्या जन सुराजने २३८ जागा लढवल्या आणि एकही जिंकली नाही.

मग चाचणीवाल्यांनी आकडे रचले होते काय? तसे मानायचे कारण नाही. पसंतीचा आकडा अगदी बरोबर असूनही असा निकाल लागू शकतो. समजा, शंभर मतदारांपैकी ४० जण एका आघाडीचे आहेत आणि तिच्याकडे नेता एकच आहे. त्यातले ३२ जण त्याचे नाव घेतात. दुसऱ्या आघाडीचे ४६ जण आहेत, पण तिथे तीन पक्ष आणि तीन-चार चेहरे. १७ जण एकाचे नाव घेतात, १२ दुसऱ्याचे, ९ तिसऱ्याचे आणि उरलेले ८ ‘पक्ष ठरवेल तो’ म्हणतात. मथळा होतो ‘३२ विरुद्ध १७, जवळपास दुप्पट पसंती’. मतदानयंत्रात मात्र ४६ विरुद्ध ४०. बिहारमध्ये एनडीएचा मतदार नितीशकुमार, सम्राट चौधरी, चिराग पासवान अशा नावांत वाटला गेला होता. महाआघाडीच्या मतदाराला तेजस्वींशिवाय दुसरे नाव नव्हते. प्रत्यक्षात एनडीएला सुमारे ४७ टक्के आणि महाआघाडीला सुमारे ३८ टक्के मते पडली. गंमत म्हणजे राजदची सुमारे २३ टक्के मते ही कोणत्याही एका पक्षापेक्षा जास्त होती. म्हणजे तेजस्वींचा मतदार कुठेही पळाला नव्हता. पसंतीच्या आकड्याने तो एका जागी एकवटलेला दिसला, एवढेच.

प्रशांत किशोर यांची गोष्ट वेगळी. प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. एक, नावे न सांगता: ‘मुख्यमंत्री कोण व्हावा असे तुम्हाला वाटते?’ दुसरी, सहा-सात नावे वाचून दाखवून. दुसऱ्या तऱ्हेत टीव्हीवर, मोबाइलवर सतत दिसणाऱ्या चेहऱ्याचा टक्का वाढतो, कारण ऐकणारा ओळखीच्या नावावर थांबतो. शिवाय उत्तर द्यायला काही मोजावे लागत नाही. मत देताना तोच माणूस आपल्या मतदारसंघात कोणाचा उमेदवार निवडून येऊ शकतो ते पाहतो, जातीचे आणि गावकीचे गणित पाहतो. किशोर स्वतः तर कुठूनच उभे नव्हते. त्यांच्या पक्षाला साडेतीन टक्क्यांच्या आतच मते मिळाली.

तिसरी भानगड कोण उत्तर देतो याची. बिहारमध्ये स्त्रियांचे मतदान सुमारे ७१ टक्के झाले, पुरुषांचे सुमारे ६३ टक्के. फोनवरच्या चाचणीत उलट होते. फोन बहुधा घरातला पुरुष उचलतो. बिहारचा नंबर चाकणच्या कारखान्यात किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या खिशात असतो. तो उत्तर देतो, पण छठ आटोपली की मतदानापर्यंत गावी थांबतोच असे नाही. नमुन्यात स्त्रिया कमी पडल्या की त्यांच्या उत्तरांना वजन देऊन भर काढतात. हजारांत २५० च स्त्रिया सापडल्या आणि त्या ४८० धरायच्या असतील, तर प्रत्येकीचे उत्तर १.९२ वेळा आणि प्रत्येक पुरुषाचे ०.६९ वेळा मोजले जाते. असे केले की हजारांचा नमुना ताकदीने ७८० चा राहतो. आणि ज्या २५० जणी फोनवर बोलल्या त्या न बोललेल्यांसारख्याच असतील, हे गृहीतच असते. सप्टेंबरअखेर महिला रोजगार योजनेचे दहा-दहा हजार रुपये खात्यांत जमा व्हायला लागले. त्या आधीच्या महिन्यांत घेतलेल्या फेरीत ते येणार तरी कसे?

घरोघरची चाचणी बरी, पण ती नीट झाली तर. शास्त्रशुद्ध पद्धत अशी: आधी मतदारसंघ, मग त्यातली मतदान केंद्रे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, केंद्राची मतदारयादी घ्यायची. यादीत १,००० नावे आणि मुलाखती २० हव्या असतील तर दर पन्नासावे नाव. त्या नावाच्या माणसाला गाठायचे, घराला कुलूप असेल तर पुन्हा जायचे. इथेच पाणी मुरते. रोजच्या मुलाखतींवर पैसे मिळणारा पाहणी करणारा पोरगा कुलूप पाहिले की शेजारच्या दारात जातो. तिथे भेटतात निवृत्त गुरुजी, किराणा दुकानदार, अंगणात बसलेले आजोबा. लोकसभेसाठी जानेवारीत बीड जिल्ह्यात चाचणी घेतली तर ऊसतोड मजुरांची घरे ओस असतात. कोयता गळीत हंगामाला गेलेला असतो. तोच मजूर मे महिन्यात रांगेत उभा असतो.

चांगल्या संस्था पक्षाच्या मताचा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. चिन्हे छापलेली चिठ्ठी हातात देतात, मतदार खूण करून घडी घालतो आणि बरोबर आणलेल्या पेटीत टाकतो. नेत्याच्या पसंतीचा प्रश्न मात्र तोंडीच असतो आणि तो विचारला जातो तेव्हा सासरे ओसरीवर आणि दोन शेजारी दारात उभे असतात. सुनेने तिथे घेतलेले नाव आणि पेटीत टाकलेली चिठ्ठी जुळलीच पाहिजे असे नाही. दोन्हींत तफावत मोठी असेल तर चिठ्ठीवर विश्वास ठेवावा.

आता थोडे गणित, कारण मथळे बहुधा इथेच घसरतात. हजारांच्या साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्यात एका आकड्याची चूक अधिक-उणे ३ टक्के धरतात. पण ती एका नेत्याच्या टक्क्याची. दोघांमधल्या आघाडीची चूक त्याहून खूप मोठी असते. एकाला ३४ आणि दुसऱ्याला ३० टक्के असतील तर चार टक्क्यांच्या आघाडीवरची चूक अधिक-उणे ५ येते. म्हणजे दुसरा पुढे असण्याचीही शक्यता उरते. मुलाखती मोजक्या केंद्रांवर गठ्ठ्याने घेतल्या असतील (आपल्याकडे घेतातच) तर ही चूक आणखी वाढते. आणि ‘विदर्भात अमुक पुढे, कोकणात तमुक’ असे जे नकाशे छापतात, त्यातल्या विभागाच्या वाट्याला कधीकधी १५०-२०० माणसे आलेली असतात. तिथे चूक ७-८ टक्क्यांची. महाराष्ट्रातल्या २८८ मतदारसंघांत मिळून २८,८०० मुलाखती घेतल्या, तरी एका मतदारसंघात शंभरच होतात आणि चूक १० टक्क्यांच्या घरात जाते. २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला होता, हे इथे आठवावे.

‘सांगता येत नाही’ या उत्तराचे काय केले तेही पाहायला हवे. सुरुवातीच्या चाचणीत असे म्हणणारे चतुर्थांशाहून जास्त असू शकतात. समजा क ३३, ख २७, इतर १२ आणि न सांगणारे २८. हे २८ वगळून उरलेल्यांचे शंभर केले की क ४५.८, ख ३७.५ होतात. सहा टक्क्यांची आघाडी बसल्या जागी सव्वाआठच्या वर जाते. एकाही मतदाराने मत बदललेले नसते.

पक्षाच्या मतांवरून जागा काढणे हा तर आणखी निसरडा प्रकार. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती या दोघांनाही ४३-४४ टक्क्यांच्या आसपास मते होती, तरी जागा ३० आणि १७ अशा पडल्या. साडेपाच महिन्यांनी विधानसभेत महायुती २३० वर गेली. जूनच्या आकड्यांवर नोव्हेंबरचा मुख्यमंत्री ठरवणाऱ्यांची लाडकी बहीण योजनेने आणि वाढलेल्या मतदानाने पंचाईत केली.

हे आपल्याकडेच होते असे नाही. कॅनडात जानेवारी २०२५ मध्ये हुजूर पक्षाचे पिएर पॉलिएव्हर २० टक्क्यांहून अधिक आघाडीवर होते आणि ते पंतप्रधान होणार हे गृहीत धरले गेले होते. जस्टिन ट्रूडो पायउतार झाले, मार्चमध्ये मार्क कार्नी आले, वरून अमेरिकेच्या आयात शुल्काचे सावट पडले. २८ एप्रिलला लिबरल पक्ष ३४३ पैकी १६९ जागांवर, हुजूर पक्ष १४४ वर. पॉलिएव्हर स्वतःच्या कार्लटन मतदारसंघातही हरले. पण त्यांच्या पक्षाची मते ४१ टक्क्यांच्या वर राहिली, चाचण्यांत होती त्याहून तीन-चार टक्क्यांनीच कमी. कोसळला तो डावा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष. त्याची मते कार्नींकडे सरकली. आघाडी म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी. आपला आकडा जवळपास जागच्या जागी असतानाही ती नाहीशी होते.

मग या चाचण्यांत घेण्यासारखे काही आहे का? आहे. एकाच संस्थेने त्याच पद्धतीने, तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारून घेतलेल्या तीन-चार फेऱ्या शेजारी ठेवल्या तर दिशा कळते. २०१३ पासूनच्या चाचण्यांत नरेंद्र मोदींची आघाडी फेरीगणिक पक्की होत गेली होती. भाजपला २८२ जागा मिळतील असे बहुतेकांना वाटले नव्हते, पण दिशा बरोबर निघाली. नेत्याच्या पसंतीपेक्षा ‘सरकारवर नाराज आहात का, आणि सरकार बदलावे असे वाटते का’ हा जोडप्रश्न जास्त कामाचा. नाराज पण बदल नको म्हणणारा मोठा गट दिसला की सत्ताधाऱ्यांच्या परतीची वाट उघडी आहे असे समजावे. आणि मित्रपक्ष किती टिकतात ते बघावे. २००४ मध्ये अटलबिहारी वाजपेयी पसंतीत कितीतरी पुढे होते, म्हणून निवडणूकही लवकर घेतली गेली. आंध्रात तेलुगू देसम ४२ पैकी ५ वर आला, तमिळनाडूतल्या ३९ च्या ३९ जागा द्रमुकच्या आघाडीने नेल्या आणि वाजपेयींचे सरकार गेले. मित्रपक्षाचे आंध्रात काय होणार, हे वाजपेयींच्या पसंतीच्या आकड्यात कुठेच नव्हते.

कायद्याकडून इथे फार अपेक्षा नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२६ अ हे कलम एक्झिट पोलला मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्ध्या तासापर्यंत बंदी घालते. जनमत चाचणीला मतदान संपेपर्यंतच्या ४८ तासांत टीव्हीसारख्या माध्यमांत मनाई आहे. त्याआधी महिनोन्‌महिने मोकळे रान. प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वे मात्र स्पष्ट आहेत: चाचणी कोणी केली, कोणी करवून घेतली, नमुना किती आणि कसा निवडला, चूक किती, हे ठळकपणे छापावे. बहुतेक वेळा ते सहाव्या परिच्छेदात असते किंवा नसतेच.

आपल्या वृत्तपत्राने पुढच्या चाचणीपासून आकड्यांच्या शेजारीच एक छोटी चौकट द्यावी, अशी विनंती आहे. मुलाखती कोणत्या तारखांना झाल्या, फोनवर की घरी, एकूण किती आणि त्यात स्त्रिया किती, प्रश्न जसाच्या तसा, नावे वाचून दाखवली की नाही, ‘सांगता येत नाही’ किती आणि ते धरले की वगळले, पैसे कोणी दिले. पाच-सहा ओळींत बसते. चाचणी करणाऱ्या संस्थेने यातले काही द्यायला नकार दिला, तर त्या ओळीपुढे ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

आपले,
जनमत चाचण्यांचे काम जवळून पाहणारे काही वाचक, पुणे