निखिलला, होल्टर लावण्याआधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "काही नाही गं आई" म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. छातीत धडधडतं, मधेच ठोका चुकतो, हे तू ताईला सांगितलंस, मला नाही. त्यावर मी काही बोलणार नाही. ईसीजी नीट आला हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. गुरुवारी २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर ठोक्यांची नोंद ठेवणारं ते छोटं यंत्र, लावणार आहेत ना, तेव्हा मुद्दाम झोपून राहू नकोस. रोजच्यासारखे जिने चढ, कामाला जा. धडधडलं की वेळ लिहून ठेव, म्हणजे नेमका तेव्हाचा आलेख डॉक्टरांना बघता येईल.

एकच विचारते. चक्कर आली होती का?

आपल्या डॉक्टरांशी बोलून आले. ते म्हणाले, एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग जरा थांबा येतो आणि पुढचा जोरात लागतो, म्हणून चुकल्यासारखं वाटतं. तुझ्या वयात बहुतेकदा यात धोका नसतो. पण जागरण, कमी पाणी, सिगरेट, दारू, सततची कॉफी यांनी असे ठोके वाढतात. दिवाळीत तुझ्या खोलीत एनर्जी ड्रिंकचे डबे पाहिले होते. त्या २५० मिलीच्या एका डब्यात साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं, वर तुझी कॉफी वेगळीच. रात्री दोनला झोपायचं, सकाळी उपाशीपोटी निघायचं, सर्दी झाली की चोंदलेल्या नाकाची गोळी मनानेच घ्यायची. त्या गोळीनेही धडधडतं रे. अंगाला काही विसावा नकोच का?

झालं, सुरू झाले मी. रागावू नकोस. एवढी नोकरी सांभाळून घराचा हप्ता भरतोस, मला दिसत नाही असं नाही.

काकू म्हणाल्या ज्येष्ठमधाचा काढा पाठव. नाही पाठवला. तो रोज भरपूर घेतला तर अंगातलं पोटॅशियम उतरतं आणि ठोके जास्तच बिघडतात. अर्जुनसालही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शहाळं पी, केळी खा, जेवण वेळेवर कर, घरचा उपाय म्हणून एवढंच. रक्त तपासतील तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघायला सांग. ताईची धडधड थायरॉईडचीच निघाली होती. आणि छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर घरगुती काही करत बसायचं नाही, १०८ला फोन लावायचा. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

साताऱ्याला तू २१ किलोमीटर पळालास. यवतेश्वरचा घाट चढून उतरून आलास, गळ्यात पदक, तोंडभर हसू. बाबा तर अनोळखी माणसांना सांगत होते, आमचा मुलगा आहे. मी मात्र तू दिसेपर्यंत घशाखाली पाणी उतरू दिलं नव्हतं. कारण तुला ठाऊक आहे.

भाऊकाकाचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तो गेला तेव्हा ३४चा होता, धडधाकट, मैदानावरच. त्याआधीही खेळताना तो चक्कर येऊन पडला होता आणि घरात सगळे म्हणाले, ऊन लागलं. म्हणून मी सारखं तेच विचारते. साधं बसल्या बसल्या धडधडणं वेगळं आणि पळताना डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. घरात कुणी तरुणपणी असं अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांना कळायला हवं, मग ते इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीसुद्धा करून घेतील. "फॅमिली हिस्ट्री काही नाही" असं सांगून मोकळा होऊ नकोस. आणि त्यांनी तपासून हो म्हणेपर्यंत पळणं बंद. त्या एका गोष्टीसाठी मी हात जोडते.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. भावाचं नाव निघालं की ते त्या दिवशी जेवत नाहीत. तेव्हा शनिवारी माझ्या मोबाईलवर फोन कर. आधी चक्करेचं खरं सांग, मग रिपोर्टचं.

तुझी,
आई