शेवळाला रकाना कोणता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी स्थानिकांशी सल्लामसलत करून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या लोकांच्या माहितीची नोंद, तयार करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून पुढे राज्यांना दरमहा १० लाख रुपयांचा भुर्दंड सांगितला, तेव्हा कुठे वर्षानुवर्षे रखडलेल्या नोंदवह्या भराभर पूर्ण झाल्या. आता त्या संगणकावर आणण्यासाठी जी प्रणाली बनेल, ती वापरणार कोण, हे आराखडा ठरण्याआधीच पाहिले जावे, म्हणून हे पत्र.

समितीचा सदस्य म्हणून मी ठाकरवाडीतल्या एका आजींकडे नोंदवहीचा छापील नमुना घेऊन बसलो होतो. पहिलाच रकाना शास्त्रीय नावाचा! आजींसमोर सुपात शेवळं ही रानभाजी होती. वळवाच्या सरी पडल्या की मृगाआधी ती उगवतात, काकडं ही आंबट रानफळं न घालता शिजवली तर घसा खाजतो आणि पूर्वी बांधावर मिळत, त्यासाठी आता डोंगर चढावा लागतो, असे त्या सांगत होत्या. हंगामासाठी मात्र उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एवढेच पर्याय होते. मी पावसाळ्यावर खूण केली, ती अर्थातच चुकीची. आणि डोंगर चढावा लागण्याची, म्हणजे खरी मोलाची माहिती शेऱ्याच्या दोन ओळींत मावलीच नाही.

प्रणाली बनवणाऱ्यांनी हंगामात चार दिवस अशा घरी बसावे, स्क्रीन आधी कागदावर काढून माहिती देणाऱ्याच्या आणि भरणाऱ्याच्या हाती द्यावा आणि मध्ये न बोलता ते कुठे अडतात ते पाहावे. मग स्थानिक नाव आधी हवे, हे सांगावे लागणार नाही. कोकणातला टाकळा ही रानभाजी विदर्भात तरोटा होतो; दोन्ही नावे नोंदवून शास्त्रीय नाव छायाचित्रावरून जाणकाराने मागाहून भरले तरी चालेल. वैदूचा प्रश्न वेगळाच असतो: ‘हे कोण बघणार?’ पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर शिकारीचा धोका असलेल्या पक्ष्यांची नेमकी जागा झाकली जाते. औषधी मुळीची जागाही तशीच झाकता यायला हवी.

जैविक संसाधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना राज्य जैवविविधता मंडळाने समितीचा सल्ला घ्यावा, असे हाच कायदा सांगतो. तेव्हा प्रणालीची चाचणी शहरातल्या कार्यालयात न घेता हिरड्याच्या खरेदीचा एक नमुना अर्ज समितीपुढे ठेवावा आणि गावातल्या हिरड्याची नोंद सदस्यांना कुणाच्या मदतीशिवाय सापडते का, ते पाहावे.

आपला,
जैवविविधता व्यवस्थापन समितीचा एक सदस्य,
जि. रायगड