मथळ्यातले कुलकर्णी कोणते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाटक-सिनेमाच्या बातम्यांच्या मथळ्यात नुसते आडनाव छापण्याची सवय मराठी वृत्तपत्रांनी निदान कुलकर्ण्यांपुरती सोडावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र. एका दैनिकात ‘कुलकर्णी पुन्हा रंगभूमीवर’ एवढे वाचून माझ्या आईने ते अतुल कुलकर्णीच असणार असे ठरवले, कारण ‘गांधी विरुद्ध गांधी’मधले त्यांचे गांधी तिच्या मनातून अजून गेलेले नाहीत. बारीक टायपातली बातमी वाचायची राहिली. आम्ही पार्ल्याहून लोकलने दादर गाठले आणि शिवाजी मंदिरबाहेरच्या फलकावर पाहतो तो कुलकर्णी दुसरेच! आलोच आहोत म्हणून तिकिटे काढली. नाटक चांगले निघाले, ही गोष्ट वेगळी.

कुलकर्णी हे मुळात गावचे जमीन-महसुलाचे दप्तर सांभाळणाऱ्याचे पद. गावोगाव पाटलाच्या जोडीला कुलकर्णी असल्याने एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या असंख्य घरांना हेच आडनाव मिळाले आणि १९५० च्या कायद्याने वतन गेले तरी ते टिकले. ‘देऊळ’ (२०११) या एकाच चित्रपटात दिग्दर्शक उमेश, लेखक आणि नायक गिरीश आणि अभिनेत्री सोनाली असे तीन कुलकर्णी, आणि तिघांची घराणी निराळी. उलट हीच सोनाली आणि नाट्यदिग्दर्शक संदेश कुलकर्णी मात्र सख्खी भावंडे, तर मृणाल कुलकर्णी माहेरच्या देव. आडनावावरून नाते जुळवू पाहणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

खरी पंचाईत सोनालींची आहे. ‘दोघी’ आणि ‘दिल चाहता है’मधली एक, ‘नटरंग’मध्ये ‘अप्सरा आली’वर नाचलेली दुसरी. धाकट्या सोनालीच्या नावाचे रोमन स्पेलिंग वेगळे असल्याने इंग्रजी पत्रांचे भागते, पण देवनागरीत दोघींच्या नावात कान्यामात्रेचाही फरक नाही. घरोघरी लोक ‘मोठी सोनाली’, ‘छोटी सोनाली’ म्हणून वेळ मारून नेतात. वृत्तपत्राला तसे लिहिणे शोभणार नाही, हे मान्य. म्हणून त्यांच्या बातमीच्या पहिल्याच वाक्यात एखाद्या चित्रपटाचा उल्लेख करावा आणि इतर कुलकर्ण्यांची पूर्ण नावे मथळ्यातच द्यावीत. जागेची अडचण समजते, पण ‘अतुल’ला तीनच अक्षरे लागतात.

आपली,
एक वाचक (आडनाव अर्थातच कुलकर्णी),
विलेपार्ले, मुंबई