फोनवर मोठ्यानं बोलणारी आई

शिकागो, १८ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला गेले तर मध्येच रडू येईल, म्हणून कागद घेतला. बाबा मोठ्यानं वाचतील आणि आई भाजी निवडत ऐकेल, हे धरूनच लिहितेय.

बाबा, सिनेमा बघताना तुम्ही नायकाकडे बघतच नसायचात. ‘जॉनी मेरा नाम’ लागला की तुम्ही म्हणायचात, बघ, सुलोचनाबाई देव आनंदपेक्षा पाच वर्षांनी लहान, आणि त्याची आई झाल्यात, पण कुठे खोटं वाटतंय का? ती सवय मला लागली. त्यातूनच ब्यूला बाँडी या जुन्या हॉलिवूडच्या चरित्र अभिनेत्री सापडल्या आणि महिनाभर मी त्यांचेच सिनेमे बघतेय.

आमच्यापासून गाडीनं तासाभरावर, इंडियाना राज्यात, वॅल्परायझो नावाचं गाव आहे. बाई तिथं वाढल्या. शनिवारी मी मुद्दाम जाऊन आले. १८९३ साली बांधलेलं मेमोरियल ऑपेरा हाउस तिथं अजून उभं आहे, लाल विटांचं, आणि नाटकं अजूनही होतात. सात वर्षांची ब्यूला तिथं पहिल्यांदा रंगमंचावर आली, तीही मुलाच्या भूमिकेत. पुढे त्यांनी गावातल्याच विद्यापीठात शिक्षण घेतलं, बरीच वर्षं नाटक कंपन्यांतून कामं केली आणि १९२५ मध्ये ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक रंगभूमी, गाठलं. ‘स्ट्रीट सीन’ नाटकातली त्यांची चौकस, तोंडाळ शेजारीण लोकांना इतकी आवडली की १९३१ मध्ये त्याचा सिनेमा झाला तेव्हा ती भूमिका त्यांच्याकडेच राहिली. तेव्हा त्या चाळिशी ओलांडून गेलेल्या होत्या. नायिका होण्याचं वय गेलेलंच, त्यामुळे थेट आया आणि आज्या. जेम्स स्टुअर्ट या नामवंत नटाची आई तर चार सिनेमांत. स्वतः मात्र लग्न केलं नाही, मूलबाळ नाही.

पण मला सांगायचंय ते १९३७ च्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’बद्दल. दिग्दर्शक लिओ मकॅरी. बँक घर ताब्यात घेते आणि म्हाताऱ्या नवराबायकोला पाच मुलांपैकी कुणीच एकत्र ठेवून घेऊ शकत नाही. आई एका मुलाकडे न्यूयॉर्कला, वडील दूर एका मुलीकडे. बाँडीबाई तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या आणि सत्तरीची बाई करत होत्या. त्यांचा मुलगा झालेले थॉमस मिचेल त्यांच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान! बाबा, तुम्हाला हे आवडेल म्हणून सांगतेय. केस पांढरे केले, चेहऱ्यावर सुरकुत्या काढल्या, ते रंगभूषाकाराचं काम. पण खुर्चीतून उठताना आधी हात कुठे टेकवायचा हे बघणारी ती नजर बाईंची स्वतःची आहे.

त्यात एक प्रसंग आहे. सून घरी लोकांना पत्त्यांतला ब्रिज शिकवून चार पैसे मिळवते. शिकवणी चालू असताना म्हातारीला नवऱ्याचा फोन येतो. ती सगळ्यांसमोर, पलीकडच्या गावाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं बोलते. थंडी फार आहे का, अंगात गरम कपडे घालतोस ना, फोनला पैसे किती पडले. आधी पत्ते खेळणारे वैतागतात. मग हळूहळू कुणीच पान टाकत नाही.

आई, तुम्ही दोघं इथं आला होतात तो नोव्हेंबर आठवतो? माझी ऑफिसची मीटिंग चालू होती, तू बाहेरच्या खोलीत मावशीशी बोलत होतीस, नेहमीसारखी मोठ्यानं. मी हातानं खूण केली आणि दार लावून घेतलं. तू शाल घेऊन जिन्यात जाऊन बसलीस. तास झाल्यावर मला कळलं. तू म्हणालीस, बाहेर हवा छान होती. शून्याच्या खाली होती, आई. त्याबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही. आज मागते.

तो मुलगा वाईट नाही, हेच मला सहन झालं नाही. मिचेलनी तो असा केलाय की त्याची प्रत्येक अडचण पटते. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं हे सांगायला तो येतो, शब्द जुळवतो, आणि म्हातारी त्याला बोलूच देत नाही. तिला आधीच कळलेलं असतं. मलाच तिथं जावंसं वाटतं, असं ती म्हणते. फक्त वडिलांना कळू देऊ नकोस. आणि वर सांगते, तूच माझा सगळ्यात लाडका. लेकराची शरम वाचवायला एवढं सगळं!

शेवट गोड करावा असं स्टुडिओचं म्हणणं होतं. मकॅरींनी ऐकलं नाही. बाईंना या भूमिकेसाठी ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नाही. दोन नामांकनं मिळाली ती दुसऱ्या सिनेमांसाठी, पुरस्कार एकदाही नाही. अगदी उशिरा, १९७७ मध्ये, टीव्हीवरच्या ‘द वॉल्टन्स’मधल्या एका भागासाठी एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या ८८ वर्षांच्या होत्या.

१९८१ च्या जानेवारीत त्या गेल्या. घरातल्या मांजराला अडखळून पडल्या, बरगड्या मोडल्या, आणि मग फुफ्फुसांनी साथ सोडली. हे वाचलं आणि मला बाबा आठवले. बाबा, तुम्ही ऑक्टोबरमध्ये न्हाणीघरात पडलात, ते मला दिवाळीनंतर दादाकडून कळलं. आई रोज फोनवर म्हणत होती, सगळं ठीक आहे. तीही मला त्या म्हातारीसारखी सांभाळून घेत होती. आई, नको अशी सांभाळूस. दुखलं तर दुखलं म्हण. मध्यरात्र असली तरी उठव.

न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची आहे, दादाशी बोलले आहे. मनीला रात्री मधल्या खोलीत येऊ देऊ नका, पायांत येते ती.

मी २ मार्चला निघते, पाच आठवड्यांसाठी. सिनेमा पेनड्राइव्हवर आणतेय. आई, इंग्रजी भराभर कळलं नाही तरी काळजी करू नकोस, मी शेजारी बसून सांगेन. शेवटी ती दोघं पन्नास वर्षांपूर्वीच्या मधुचंद्राच्या हॉटेलात पुन्हा जातात, आणि त्यांना नाचताना बघून वाजवणारे चाल बदलतात. तिथं मला काही सांगता येणार नाही. तेवढं तुमचं तुम्ही बघा.

तुमची,
धाकटी