बाबा, इथली बोट अजून चालू आहे

बोटीवरून, नॉर्वेतल्या वेस्टरोलेन बेटांच्या आसपास
22 मे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर धड बोलणं होत नाही. बोट बंदरात असते तेव्हा मी धक्क्यावर पळत असते, आणि मी मोकळी असते तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. नाही गं, इथं रात्री पार्टीचे कपडे घालावे लागत नाहीत. कॅसिनो नाही, नाचगाणी नाहीत. आम्ही स्वेटर घालूनच जेवायला जातो आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा बूट केबिनमध्ये ठेवून लोकरीच्या मोज्यांवर येतात.

बाबा, तुम्हाला एका वाक्यात सांगायचं तर तुमच्या वेळी मुंबईहून मालवणला जायची ना, तशी ही नॉर्वेची कोकण बोट आहे. बर्गेनहून रोज एक सुटते, किनाऱ्याकिनाऱ्यानं 34 बंदरं घेत रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला जाते आणि तिथून मागे फिरते. जाऊन-येऊन 12 दिवस. वर आमच्यासारखे हौशी प्रवासी, खाली माल. रात्री दोन वाजता कुठल्याशा बंदरात बोट लागते, बाजूचं दार उघडतं, फोर्कलिफ्टची ये-जा सुरू होते, पेट्या उतरतात, आणि पाठीला सॅक लावलेली एखादी बाई चढून पुढच्या बंदराला उतरून जाते. तिला केबिन नको असते, तेवढ्या टप्प्याचं तिकीट पुरतं. पंधरा मिनिटांत बोट हलते. पहिल्या रात्री मी हे बघायला उठून डेकवर गेले आणि तुमची फार आठवण झाली. भाऊच्या धक्क्यावर सतरंजी टाकून जागा कशी अडवायची, मालवणला बोट आत येत नसे म्हणून भर समुद्रात पडावात कसं उतरायचं, हे तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते मीच केलंय असं वाटतं.

ही सेवा 1893 साली सुरू झाली. त्या वेळी ट्रॉनहेमच्या उत्तरेला अवघी 28 दीपगृहं होती आणि हिवाळ्यात रात्री जहाज हाकायला कुणी धजत नसे. रिचर्ड वित नावाचा कप्तान आणि त्याचा वाटाड्या आंदर्स होल्टे यांनी आधीच्या फेऱ्यांमध्ये दिशा, वेग, वेळ सगळं टिपून ठेवलं होतं. त्या नोंदी, होकायंत्र आणि घड्याळ एवढ्याच भरवशावर 2 जुलैला ‘वेस्टरोलेन’ ही आगबोट ट्रॉनहेमहून पार उत्तरेच्या हामरफेस्टला निघाली. तोवर हिवाळ्यात तिकडे पत्र पोचायला पाच महिनेसुद्धा लागत, ते आता आठवड्यात पोचू लागलं. आपली बोट पावसाळ्यात बंद असायची, ही बर्फातही बंद नसते. अटलांटिकमधून उबदार प्रवाह वर येतो, त्यामुळे इतक्या उत्तरेलाही बंदरं गोठत नाहीत. पण खरं कारण प्रवाह नाही, पैसा आहे. सरकार करार करून पैसे घालतं. 2021 पासून हे काम दोन कंपन्यांना वाटून दिलंय, एकीच्या सात बोटी, दुसरीच्या चार. गावं तुटू नयेत म्हणून. आपल्याकडे रस्ते झाले, एस.टी. झाली, आणि बोट कुणाला नकोशी झाली. यावर तुम्ही काय बोलाल ते मला पाठ आहे, म्हणून पुढे जाते.

बर्गेनला पाऊस. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पडतो म्हणे. छत्री न उघडता चालणारी माणसं बघून मला घरी आल्यासारखं झालं. तिथं बंदराला लागून ब्रिग्गन नावाची जुन्या लाकडी घरांची ओळ आहे, तांबडी, पिवळी, एकमेकींना खेटून थोडी कललेली. 1702 च्या आगीनंतर जुन्याच धर्तीवर पुन्हा बांधलेली. जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या त्या, चौदाव्या शतकापासूनच्या. आगीची धास्ती एवढी की घरात चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. स्वयंपाक आणि शेकोटी मागच्या वेगळ्या इमारतीत. त्या हवेत कोवळी पोरं उमेदवारी करत अंधारात झोपायची. आणि हे सगळं कशासाठी, तर सुक्या मासळीसाठी. ती कुठून यायची ते पुढे सांगते.

ओलेसुन हे गाव आईला आवडेल. 23 जानेवारी 1904 च्या रात्री तिथं आग लागली, सोसाट्याचा वारा होता, साडेआठशे घरं जळाली आणि दहा हजार माणसं थंडीत उघड्यावर आली. मेलं मात्र एकच माणूस. नंतर तीनेक वर्षांत दगड-विटांनी अख्खं गाव पुन्हा उभं केलं, आणि तेही त्या काळच्या नव्या फॅशनचं. दारांवर फुलं, खिडक्यांवर वेली, कोपऱ्यांवर मनोरे, मधूनच एखादं ड्रॅगनचं तोंड. गरजेपोटी घाईनं बांधलेलं गाव इतकं नटवावं असं त्यांना का वाटलं असेल, याचा मी बराच वेळ विचार करत हिंडले. गावामागच्या टेकडीला 418 पायऱ्या आहेत. बाबा, तुमच्या गुडघ्यांची काळजी नको, मागून गाडीचा रस्ता आहे. गायरांगरचा प्रसिद्ध फियॉर्ड (डोंगरांत खोल शिरलेली खाडी) आम्हाला मिळाला नाही, तिकडे बोट जूनपासून वळते.

ट्रॉनहेमचं मोठं चर्च पाहिलं, 1070 च्या सुमारास बांधायला घेतलेलं. भव्य आहे, थंडगार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडलं. तिथं एका बेटावर लोखंडी गोल उभा केलाय, तो दिसला की डेकवर समारंभ. ज्याची हौस असेल त्याच्या कॉलरमधून बर्फाचं पाणी ओततात. तुमच्या जावयांनी हौसेनं ओतून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत शिंकत होते. मी लांबून फोटो काढले.

त्याच दुपारी बोडोला उतरलो तर सगळं गाव रस्त्यावर. 17 मे हा त्यांचा राज्यघटनेचा दिवस, 1814 सालचा. बाबा, आपला 26 जानेवारी म्हणा, पण रणगाड्यांशिवाय. या दिवशी मिरवणुकीचा मान शाळेतल्या मुलांचा. बायका-पुरुष भरतकामाच्या पारंपरिक पोशाखात, चांदीची बटणं, हातात झेंडा, आणि प्रत्येक पोराच्या तोंडाला आइस्क्रीम फासलेलं. दहा अंशांत! आई, तू असतीस तर त्या सगळ्यांना कानटोप्या घातल्या असत्यास.

आता आईच्या भीतीचं. बोट लागते का? मला एकदा लागली. या मार्गाची गंमत अशी की बहुतेक वाट बेटांच्या आडोशानं जाते, पाणी खाडीसारखं शांत असतं. पण काही ठिकाणी आडोसा सुटतो. बोडोहून लोफोतेन बेटांकडे जाताना वेस्टफियॉर्ड नावाचं उघडं पाणी लागतं, तिथं काही तास चांगलेच हेलकावे बसले. गोळी घेऊन आडवी पडले. आई, तुझी आजी 1947 च्या गटारी अमावास्येला बुडालेल्या ‘रामदास’चं नाव काढून आयुष्यभर बोटीत पाय न ठेवता राहिली, ते मला माहीत आहे. पण तो पावसाळा होता आणि ती खच्चून भरलेली बोट होती. इथं निघाल्याबरोबर सगळ्यांना आधी सुरक्षेची माहिती देतात, मगच जेवायला वाढतात.

आडवी पडले होते ती उठले तेव्हा समोर लोफोतेन. समुद्रातून सरळ वर गेलेले काळे डोंगर, माथ्यावर बर्फ, पायथ्याशी तांबडी घरं, रात्रीचे नऊ वाजलेले आणि लख्ख उजेड. बोट स्वॉल्वरला तासभर थांबते. आम्ही वासाच्या मागावर गेलो, कारण तो वास मी झोपेतही ओळखीन. लाकडी मांडवांवर हजारो कॉड मासे टांगलेले. दोन-दोन मासे शेपटीशी बांधून आडव्या दांडीवर टाकलेले, मुंडकी वेगळी. जानेवारी ते एप्रिल हा मासा अंडी घालायला बॅरेंट्स समुद्रातून इकडे येतो. तेव्हा पकडायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत वाऱ्यावर सोडायचा. आई, तू विचारशीलच, मीठ किती? अजिबात नाही! चिमूटभरही नाही. हवा शून्याच्या आसपास असते, म्हणून सडत नाही आणि माश्याही नसतात. फार गारठलं तर मासा गोठून बिघडतो, उबदार झालं तर किडे पडतात. लोफोतेनला नेमकं मधलं हवामान आहे, हीच त्यांची मिरास. सुकला की लाकडासारखा वाजतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हीच ती बर्गेनच्या वखारीतली मासळी. आज त्यातला चांगला माल इटलीला जातो आणि सुकी मुंडकी नायजेरियाला, रश्श्यासाठी. काही फुकट जात नाही. कॉडच्या जिभा कापायचं काम इथं पूर्वापार शाळकरी पोरांचं, आणि त्याचे पैसे पोरांचेच. म्हणजे सुरीला धार कशी लावायची हे इथल्या मुलांना लहानपणीच येतं. तुझ्या हातच्या खाऱ्या बांगड्याची सर मात्र त्यांच्या कुठल्याच पदार्थाला नाही, हे मी निःपक्षपातीपणे सांगते.

पुढे उत्तरेला सूर्य मावळायचाच थांबला. केबिनचा पडदा ओढून झोपावं लागतं. नॉर्डकाप या उत्तर टोकाच्या कड्यावर सगळे जातात म्हणून आम्हीही गेलो. 307 मीटरचा कडा, वर लोखंडी गोल, बसच्या रांगा, धुकं. मला विशेष वाटलं नाही. त्याच्या अलीकडचं होनिंगस्वोग बंदर मनात राहिलं. 1944 मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं हा सगळा प्रांत जाळला, घरं, धक्के, विजेचे खांबसुद्धा. होनिंगस्वोगमध्ये चर्च तेवढं शिल्लक राहिलं. माणसं परत आली ती आधी त्या चर्चमध्येच राहिली, आणि मग घरं बांधायला लागली. म्हणून तिकडच्या गावांत जुनं असं काहीच दिसत नाही, सगळी साधी, सरळ, युद्धानंतरची घरं. सुंदर नाहीत. पण एकदा कारण कळलं की नुसतं ‘सुंदर नाहीत’ म्हणून पुढे जाता येत नाही.

वार्डोला परतीच्या वाटेवर बोट थोडाच वेळ थांबते, निम्मं अंतर पळत जाऊन एक स्मारक पाहिलं. सतराव्या शतकात चेटकीण ठरवून या भागात 91 जणांना मारलं, बहुतेक बायका. 2011 मध्ये त्यांच्यासाठी लांबलचक अंधारा बोगद्यासारखा मार्ग बांधलाय, त्याला 91 लहान खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा आणि त्या माणसाची हकीकत. कुणावर आरोप काय, तर वादळ उठवून जहाज बुडवलं. आम्ही परत येईपर्यंत एकमेकांशी काही बोललो नाही.

आणि आज दुपारी स्टोकमार्कनेस. बाबा, हे तुमच्यासाठी. हे रिचर्ड वितचं गाव, आणि इथं या बोटसेवेचं संग्रहालय आहे. त्यात 1956 सालची ‘फिनमार्केन’ अख्खीच्या अख्खी जमिनीवर आणून ठेवलीय आणि तिच्याभोवती काचेची इमारत बांधलीय. आत शिरायचं, जिने चढायचे, केबिनमध्ये डोकावायचं. धक्क्याला आमची चालू बोट आणि शंभरेक पावलांवर तिची निवृत्त थोरली बहीण. तुमच्या कोकणच्या बोटी, ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’, कुठे गेल्या असतील? एखादी तरी अशी भाऊच्या धक्क्यावर ठेवायला हवी होती. मालवणातल्या म्हाताऱ्यांनी रांग लावली असती.

तर आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तुम्ही दोघांनी यायचं. पूर्ण 12 दिवस नकोत, ते महागही आहे आणि परतीला बरंचसं तेच दिसतं. बर्गेन ते ट्रोम्सो, चार रात्री, तिथून विमानानं ओस्लो. बोटीत लिफ्ट आहे. चढाय-उतरायचा रॅम्प सरळसोट आहे, फक्त ओहोटीला थोडा तिरका होतो. जेवणात मासे भरपूर, आईच्या सोमवारासाठी भाज्या आणि सूप मिळतं, भात मात्र क्वचित. लोणच्याची बाटली आणि प्लास्टिकचा मग बरोबर घ्यायचा. तो मग कशासाठी ते आईला बरोबर कळेल. बाबा, ‘एवढा खर्च कशाला’ हे वाक्य या वेळी चालणार नाही, जावयांशी माझं बोलणं झालंय.

पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून दादाला फोटो पाठवायला सांगा. व्हिसाच्या तारखा फेब्रुवारीतच घेऊन टाकू.

जावई नमस्कार सांगतात. तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
बेबी

ता. क. आई, इथलं तपकिरी चीज घेतलंय तुझ्यासाठी. गोड आहे. बाबांना चीज आहे असं आधी सांगू नकोस, पोळीबरोबर वाढ आणि काय म्हणतात ते मला कळव.